रक्षाविसर्जन सकाळी नऊ वाजता

आप्पा, दादा गेला. दीड महिना झाला. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होतील, त्यामुळे तुमच्या मुलाचं निधन तुम्हाला कळवावं असला वेडेपणा मी करत नाही. मी भांडायला बसले आहे. ज्या विषयावर भांडायचं आहे, त्यावर माझ्याशी भांडू शकेल असं जिवंत माणसांत आता कुणी उरलेलं नाही. वहिनी बोलत नाही, भाचा फक्त कागदपत्रांचं बोलतो. राहता राहिलात तुम्ही, आणि भांडणात तुम्ही कधी मागं हटला नाहीत.

वहिनी मला एकच गोष्ट म्हणाली होती, "वन्सं, पेपरात देऊ नका. घरची माणसं बास." तिचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी दादाच्या दवाखान्यात एक बाळंतीण दगावली होती. गगनबावड्याकडच्या एका गावातली, पहिलटकरीण. बाळ वाचलं, ती गेली. तेव्हापासून तिचा नवरा दर मंगळवारी दवाखान्यासमोर तिच्या फोटोचा बोर्ड घेऊन उभा राहायचा. कुणीतरी त्याचे व्हिडिओ करून मोबाईलवर पाठवायचं, आणि दादाचे पेशंट ते बघत दादाच्याच बाकड्यावर नंबर यायची वाट बघत बसायचे. मग हळूहळू तेही येईनासे झाले. दादा शेवटी घराबाहेरच पडत नव्हता. डॉक्टरांनी कारण हृदयविकार लिहिलं. मला विचाराल तर मी त्या बोर्डाचं नाव लिहिलं असतं.

तरीही मी पेपरात दिलं. तुमची मुलगी ना! निधनवार्तेत गावाचं नाव चुकलं तर उद्या सुधारता येतं, रक्षाविसर्जनाची वेळ चुकली तर माणूस घाटावरून परत जातो, असं तुम्ही मला शिकवलं होतं. कोल्हापुरात बहुतेक लोक पेपर उघडून आधी तीच ओळ शोधतात. वेळेशिवाय बातमी आली असती तर आम्ही काहीतरी लपवतोय असं दिसलं असतं, आणि एका संपादकाच्या घरात लपवाछपवी? मी वहिनीला न विचारता मजकूर पाठवला, प्रुफ मागवून घेतलं, स्वतः वाचलं. रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी नऊ वाजता, पंचगंगा घाट. एवढी सोय केल्यावर ती बोर्डवाली माणसं चुकतील कशी? नवाला दहा कमी असताना आली.

आम्ही नैवेद्य मांडून मागं सरलो होतो. भजी, चहा, त्याला आवडायचं तसं घट्ट दही. कावळ्याची वाट बघत सगळे गप्प उभे होते, अगदी लहान मुलंसुद्धा. त्या शांततेत पाच जण पायऱ्या उतरून आले. पुढं तो नवरा, हातात तोच बोर्ड. हळदीतला तिचा फोटो आणि खाली तीन ओळी. डॉक्टर थांबा म्हणाले. आम्ही थांबलो. ती गेली. मागचा एक जण मोबाईल धरून शूटिंग करत होता. वहिनीनं बोर्ड पाहिला आणि ती होती तिथं ओल्या पायरीवर बसली. मी त्याच्यासमोर जाऊन ओरडले, "तीन दिवस तरी थांबायचं की रे! रडू तरी द्या आम्हाला!" तो ओरडला नाही. म्हणाला, "ताई, थांबा थांबा म्हणूनच गेली वं ती. आता डॉक्टरबी न्हाईत. आता ह्यो बोर्ड कुणाम्होरं धरू, तुम्हीच सांगा."

मी वहिनीला उठवायला वळले. आणि घाटावरून परत येताना रिक्षात लक्षात आलं, की मी ओरडले ते वाक्य माझं नव्हतंच. ते मी एकोणीस वर्षांची असताना मंगळवार पेठेतल्या आपल्या छापखान्यात ऐकलं होतं.

आठवतंय? गिरणीचे मालक वारले तेव्हा. सगळ्या गावानं दुकानं बंद ठेवली होती. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या गिरणीत पट्ट्यात सापडून एक कामगार मेला होता. त्याच्या बायकोचं पत्र तुमच्या टेबलावर पडून होतं, आणि तुम्ही ते नेमकं रक्षाविसर्जनाच्या दिवशी पहिल्या पानावर घेतलं. प्रुफं मीच वाचत होते. मालकांना तिनं दिलेले दोन-तीन शिव्याशाप मी लाल पेनानं काढले, तर तुम्ही ते पेन माझ्या हातातून घेतलंत. "शुद्धलेखन सुधार. बाईचा राग सुधारू नको." दुसऱ्या दिवशी पेन परत दिलंत, कायमचं, बक्षीस म्हणून. मला केवढा अभिमान वाटला होता! ते अजून माझ्याकडे आहे, त्याची शाई कधीच सुकली.

पेपर निघाला त्याच दुपारी मालकांचा मुलगा आला. डोक्याला पंचा गुंडाळलेला, डोळे सुजलेले. मशीन चालू होतं म्हणून मोठ्यानं बोलत होता, का रागानं, कळत नव्हतं. "आप्पासाहेब, तीन दिवस तरी थांबायचं की वं. आई वाचती हाय तुमचा पेपर." तुम्ही मशीन बंद करायला लावलंत, त्याला खुर्ची दिलीत. म्हणालात, "पावणं, तुमच्या आईला लागलं, मला मान्य हाय. पण त्या बाईलाबी वरीसभर समदी थांबाच म्हणत हुती. माणूस गेला म्हणून तिनं बोलायचं न्हाय, असं म्या कसं सांगू?" तो उठून गेला. कंपोझिटरांनी तुमच्याकडे देवाकडे बघावं तसं बघितलं. मीसुद्धा.

त्या मालकांची बायको पुढं कधी आपल्या गल्लीतून गेली नाही. देवळात जायला तालमीकडून लांबचा वळसा घ्यायची. मी गॅलरीतून बघायचे आणि तुम्हाला सांगायचे नाही. मला वाटायचं, खरं बोलल्यावर एवढं होणारच. हे "एवढं" म्हणजे काय, ते दुसऱ्याच्या घरात असल्यामुळे मला दिसत नव्हतं. आणि तुम्हालाही दिसलं नाही, आप्पा, हे मी आज तोंडावर सांगते. तुमच्या रक्षाविसर्जनाला अर्धं कोल्हापूर आलं, एक माणूस वाकडं बोलला नाही. पहिल्या पाच मिनिटांत कावळा शिवला. तुमचं तत्त्व तुम्ही दुसऱ्यांच्या मयतावर चालवलंत, आणि त्याची झळ बसली ती तुमच्या सुनेला, त्या ओल्या पायरीवर.

असं सगळं भांडून झालं, की मग ती स्वयंपाकघरातली दुपार पुढं येते. दादा जायच्या महिनाभर आधीची. तो कळंब्याला माझ्या घरी आला, न कळवता. मी भाकरी थापत होते, तो ओट्याशेजारी स्टूल ओढून बसला, लहानपणी बसायचा तसा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी सिस्टरचा दोनदा फोन आला होता. मी लग्नात होतो, पंगतीला. म्हटलं थांबा, जेवून येतो." तव्यावरची भाकरी फुगली होती. मी ती उलटली, त्याच्या ताटात वाढली, वर लोणी ठेवलं, आणि विचारलं, "आमटी घेणार का?" तो हो म्हणाला. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. वहिनीला हे माहीत नाही, भाच्यालाही नाही. ती बाळंतीण गेल्यावर झालेल्या चौकशीत सिस्टर काय बोलली ते मी कधी विचारलं नाही.

म्हणजे बोर्डावरच्या तीनही ओळी खऱ्या आहेत. आणि तरी त्या ओळी त्या दिवशी, त्या जागी, वहिनीच्या डोळ्यांसमोर यायला नको होत्या, असं मला आजही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. यावर तुमच्याकडे काही अग्रलेख असेल तर मला नको.

काल भाचा आला होता. वकिलाकडून पोलिसांत द्यायचा अर्ज टाईप करून आणला आहे. त्या नवऱ्यावर आणि शूटिंग करणाऱ्यावर, दुःखाच्या प्रसंगी खोटा आणि बदनामीकारक मजकूर दाखवल्याबद्दल. कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "आत्या, पेपरात तूच दिलं व्हतंस. सही बी तूच कर." वहिनी दारात उभी होती. घाटावरच्या त्या गुरुवारनंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. मी चष्मा लावला, सवयीनं सगळा अर्ज दोनदा वाचला. "सदर फलकावरील मजकूर धादांत खोटा आहे," या ओळीवर थोडी जास्त थांबले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मी सही केली, आप्पा. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.