न बिघडणाऱ्या लिफ्टची तक्रार

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंना झोप लागते ना? पाचव्या मजल्यावरून खाली-वर करायला त्रास होत नसेलच, कारण तुमच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडेच आहे. फोन केला असता, पण तो काकू उचलतात, आणि हे त्यांच्या कानावर घालण्यासारखं नाही.

काका, बारा वर्षांपूर्वी मी या लिफ्टच्या कंपनीत चिकटलो तेव्हा तुम्ही बजावलं होतंत, की माणसानं राबावं, फळ आपसूक मिळतं. मी राबलो. माझ्या सतराही लिफ्टना दर आठवड्याला तेलपाणी करतो, दोर तपासतो, दारं पुसतो. (आमची ही म्हणते, घरच्या दाराची कडी वर्षभर लोंबतेय, तिच्याकडेही बघा कधी. तिचंही खरंच आहे.) दोन वर्षांत माझी एकही लिफ्ट अडकली नाही. परिणाम असा, की त्या इमारतींत मला काळं कुत्रं ओळखत नाही. परवा एका वॉचमननं चोर समजून मला गच्चीवर कोंडलं.

आमच्यात एक महाशय आहेत. त्यांना सगळे 'आलोच' म्हणतात, कारण फोनवर ते तेवढंच बोलतात. त्यांची एक लिफ्ट चालू होते तोवर दुसरी बसते. पण तासभर अंधारात घामाघूम झालेल्या माणसाला दार उघडल्यावर जो पहिला चेहरा दिसतो, तो देवासारखाच वाटणार. एका आजींनी तर त्यांना नातजावई करून घ्यायचं ठरवलं होतं. (आपलं लग्न झालंय हे त्यांनी दोन जेवणांनंतर सांगितलं.) ऑफिसात एक फळा आहे, सोडवलेल्या प्रत्येक तक्रारीमागे एक चांदणी. आलोच यांच्या नावापुढची जागा संपली, म्हणून त्यांच्या चांदण्या आता माझ्या नावापुढे लावतात.

चार दिवसांपूर्वी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, उशिरा का होईना, कदर झाली. तर ते मायेनं म्हणाले, "तुमच्या भागात कामच दिसत नाही हो. महिनाअखेरीला एक माणूस कमी करावा म्हणतोय." लिफ्ट का बिघडत नाहीत हे मी समजावू लागलो, तर म्हणाले, "आपलं मशीनच चांगलं आहे ना." फार वाईट वाटलं, काका. घरी अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या शिकवणीवर माझा राग नाही. म्हणजे, थोडा आहे. काकूंना नमस्कार.

तुमचा राबणारा पुतण्या

ता. क. : महिना संपायला आठ दिवस आहेत. तुमचं अक्षर मोत्यासारखं. कंपनीला एवढंच लिहा, की लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानिशी उभे होतात आणि मी दहा मिनिटांत धावत आलो. शेजाऱ्यांकडूनही दोन-तीन पत्रं मिळाली तर बघा.

आणखी एक ता. क. : ती खरोखर अडकेल या आशेवर राहू नका. परवा तुमच्या इमारतीत येऊन मी लिफ्टच्या दाराचा एक स्क्रू मुद्दाम सैल केला होता. दोन जिने उतरलो, तिसऱ्यावर पाय उचलेना. परत वर गेलो, तो घट्ट केला, आणि हात लागलाच आहे म्हणून बाकीचेही केले. तेव्हा तक्रार खोटीच लिहावी लागेल.