टोपलीखालचं फूल

गुरु. २९ ऑगस्ट ९६, सातारा
खरपुडीला, त्या दुर्मिळ रानफुलाला, कळी! पाच वर्षांनी. घरामागच्या उतारावरचा मुरूम लोकांनी खणून नेला होता, घाणेरी माजली होती. ती उपटून मी इथलीच रानझाडं परत लावली. देवानं आदामला बाग राखायला दिली, तर एवढा तुकडा माझ्या वाटणीचा, असं धरून. खरपुडीचे कंद धोंडीतात्या गुराख्यानं डोंगरावरून आणून दिले. दोन सडले, तिसरा लागला.
आणि आजच धाकटी जाऊ आली सांगलीहून. लेआ. रंगपेटीसकट.

शुक्र. ३०
उन्हाळ्यात पुण्याच्या सिनेगॉगात तिची चित्रं लावली होती. सगळी माझ्या बागेची. लोक म्हणाले, लेआ देवाची सृष्टी दुरुस्त करतेय. दुरुस्त! नखांत माती कुणाच्या? मी तिथेच उभी, सरबताचा पेला धरून. दाऊदसुद्धा म्हणाला, "काय हात आहे तिचा!" नवरा माझा.
कळी उद्या उमलेल. उद्या शब्बाथ, काम वर्ज्य, ती ब्रश धरणार नाही. पण परवा धरेल. मग खरपुडी तिचीच.
संध्याकाळचे दिवे लावायच्या आधी रोपावर टोपली उपडी घातली. वर दगड. शेळ्या येतात, असं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

रवि. १ सप्टें.
काल दिवसभर मागच्या दारी फिरकले नाही. आज लेआ सकाळपासून उतारावर. "अक्का, लय भारी जागा केलीया तुमी." गोड लागलं, तेवढ्यापुरतं. चित्र दाखवलं नाही. मीही मागितलं नाही.

सोम. २
ती सकाळच्या एसटीनं गेली. टोपली उचलली. फूल सुकून लोंबतंय. पाच वर्षं थांबले आणि मीच पाहिलं नाही.

गुरु. १२
धोंडीतात्या आले. "बारकी चिलटं फुलात शिराय लागत्यात बाई, तवा शेंग धरती. कुणी झाकलंतं व्हय?" म्हटलं, शेळ्या. ते दगडाकडे बघत राहिले.
शेंग नाही म्हणजे बी नाही. एकुलतं एक रोप.
लेआचा राग आला. ती आली नसती तर झाकावं लागलं असतं का? लाज वाटते, पण राग जात नाही.

बुध. १८
पोस्टानं चित्र आलं. अख्खा उतार, मधोमध टोपली, वर दगड. एकेक कामटी दिसते. इतकं सुरेख, की जळफळाट झाला. सोबत चिठ्ठी: "अक्का, टोपली मी उचलली नाही. तुम्हाला दाखवायचं नसेल. दारफाळणीच्या सणाआधी कुणाच्या मनात काही राहू नये, म्हणून पाठवते."
दाऊदनं बाहेरच्या खोलीत टांगलं. येणारा जाणारा आधी टोपलीच बघतो.

रवि. २२
आज मावळतीपासून दारफाळणीचा उपास, वर्षभराच्या पापांची क्षमा मागायचा. माणसाची माफी माणसाकडेच मागायची, त्यात देव पडत नाही. दुपारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून सांगलीला फोन लावला. तिनंच उचलला.
म्हटलं, "खरपुडीला दुसरी कळी आलीये." खरंच आलीये, सकाळी पाहिली.
"कवा उमलंल?"
"मंगळवारी, बहुतेक."
मागे लोक ताटकळलेले.
"येऊ व्हय, अक्का?"
ये, असं तोंडात आलं होतं. "कळवते," म्हणाले आणि ठेवला. जिच्यासाठी गेले ती माफी तशीच राहिली.
सूर्य मावळायला तासभर आहे. मावळला की फोनला हात लावायचा नाही. बूथ उघडं असेल अजून. टोपली रोपाशेजारीच पडलीये, दगडही. बूथवर जाऊ की उतारावर, ते अजून ठरत नाही.