तीनशे आयटम, एक गणपती

१२ जाने. ८७, पिरंगुट

अक्काकडे येऊन नववा दिवस. दोन दिवसांसाठी आलो होतो. दाजीनं धरून ठेवलंय.

कारण तो डबा. दाजीच्या चुलतभावानं मस्कतहून आणलेला कॉम्प्युटर. रबराची बटणं, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालवायचा. तिकडं कुणीतरी टाकून दिलेला असणार, ह्यांनी शाल पांघरून ठेवलाय. शाल खरी. अक्काच्या लग्नातली.

दाजी जवळच्या भरे गावातल्या कारखान्यात, स्टोअरमध्ये हेल्पर. जुने स्टोअरकीपर रिटायर झाले, खुर्ची रिकामी. साहेबाकडे दोन नावं आहेत, एक दाजीचं आणि एक पुण्याच्या कुठल्या डिप्लोमावाल्याचं. तर ह्या गृहस्थानं कँटीनमध्ये छाती काढून सांगितलं, "आख्खं स्टोअर माझ्या घरच्या कॉम्प्युटरात हाय." साहेबाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, २८ तारखेला घेऊन या, बघू.

स्टोअरमध्ये आयटम तीनशे. डब्यात मावतात एकशे सत्त्याऐंशी. तीनशे म्हटलं की पडद्याच्या तळाला ओळ येते: आउट ऑफ मेमरी. अडीचशे म्हटलं तरी तेच. दाजी भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा उतरत उतरत १८७ वर आलाय.

"पावणं, तुमी तर पुन्यात कॉम्प्युटरवर हुता."

व्हिडिओ गेमच्या दुकानात तीन महिने रांग सांभाळायला होतो. एवढंच माझं कॉम्प्युटर. पण अक्का बघत होती, म्हणून मान हलवली. गाढवपणा.

१३ जाने.

दाजीचे उपाय: एक, बंद करून उदबत्ती, मग चालू. दोन, "तापलंय, इसावा द्या," म्हणून ओलं फडकं. विजेच्या वस्तूवर ओलं फडकं! अक्का पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तिला म्हटलं, बाळंतीण आहे का ती? हसली नाही. ही खुर्ची मिळाली नाही तर दाजी आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली पेट्या उचलणार, हे तिला माझ्याआधी कळलंय.

डबा सुरू करायचा म्हणजे सोहळा. आधी कॅसेट पाच मिनिटं किंचाळते. मग पडद्यावर ठिपक्याठिपक्यानं गणपती उमटतो, सोंड, मोदक, उंदीर, सगळं. ह्याला दीड मिनिट. दाजीची आई तेवढा वेळ हात जोडून उभी. मग इंग्रजी अक्षरांत दाजीच्या वडिलांचे, म्हणजे कै. तात्यांचे कृपाशीर्वाद, मग मस्कतच्या बंधूंचे आभार, मग इष्टमित्र. लग्नपत्रिका छापलीय नुसती. ह्यानंतर नट-बोल्ट.

गणपती दाजीनं गेल्या भाद्रपदात केला, आलेखाच्या कागदावर ठिपके मोजून. त्याचा त्याला फार अभिमान आहे. मला दोनदा कागद दाखवला.

१५ जाने., गुरु.

कारखान्याला सुट्टी. मी सुचवलं, नावं छोटी करू. GASKET RUBBER SMALL कशाला पाहिजे, GRS लिहा.

"साहेबाच्या रजिस्टरात जसं हाय तसंच येनार."

म्हटलं मग आभार काढा.

"तात्यांचं नाव काढू?" असं बघितलं माझ्याकडे, जणू मी तात्यांना परत एकदा सरणावर ठेवतोय.

दुपारी नदीवर गेलो. एकजण खेकडे धरत होता, त्याच्याबरोबर संध्याकाळ झाली. परत आलो तर दाजी तसाच डब्यासमोर. १८८ घालून बघत होता.

१७ जाने.

पौडला हमीदचाचांच्या दुकानात. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. ह्या पट्ट्यात अक्कल असलेला एकच माणूस, पण बोलणं असं की पायरी चढल्याचा पश्चात्ताप व्हावा.

"पुस्तक आलंय का त्याच्याबरोबर?"

"आलंय."

"वाचलंस?"

"इंग्रजी आहे."

"मग अकरावीत दोनदा काय मराठीत नापास झालास?"

गिऱ्हाइकं हसली. अक्कानं ह्यांना कधी सांगितलं कुणास ठाऊक.

वर म्हणाले, तुमच्या शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की व्होल्टेज बसतं. डबा चालू असताना ती सुरू झाली तर आतलं सगळं पुसलं जाईल. कॅसेटवर उतरवल्याशिवाय उठायचं नाही. हे मलाही माहीत होतं. म्हणजे आता कळलं.

१९ जाने.

पुस्तक वाचलं. दोन दिवस, डिक्शनरी घेऊन. शाळेत एवढं वाचलं असतं तर इथं नसतो.

सापडलं. आत जागा म्हणजे घरं, एका घरात एक अक्षर. मोकळी घरं नऊ हजाराच्या आत. तीनशे आयटमना साडेसात हजार लागतात. कामाच्या ओळींना बाराशे. बसतंय की! मग अडतंय कुठं? तर पान शंभराच्या पुढं बारीक अक्षरात दिलंय: ओळीत आकडा लिहिला, की त्या प्रत्येक आकड्यामागे हा डबा सहा घरं गुपचूप वेगळी अडवतो. आणि दाजीचा गणपती म्हणजे नुसते आकडे. ठिपका आडवा किती, उभा किती. तीनशे आकडे. सत्तावीसशे घरं त्याचीच. आशीर्वाद-आभारांची तीनशे.

म्हणजे शंभरावर आयटमच्या जागेवर गणपती बसलाय.

एवढा शोध लावला आणि सांगायला कोण? अक्का. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ह्यांना तू सांगू नगंस. मी बी न्हाई सांगनार."

२० जाने.

मीच सांगितलं.

दाजी आधी हसला. मग मी पुस्तक उघडून दाखवलं, तेव्हा टोपी काढून ठेवली. "गनपती काढून त्या जागी वायसर भरू? आनि त्ये घिऊन साहेबाम्होरं जाऊ? पावणं, तुमाला काय आगापिछा न्हाई, तुमी काय बी बोलचाल."

मी म्हटलं, गणपती ठेवा, एकशे सत्त्याऐंशी आयटम दाखवा. बाकीचे साहेबाला श्रद्धेनं दिसतील.

जेवला नाही. अक्कानं माझंही ताट वाढलं नाही. न्याय आहे.

२२ जाने., गुरु.

आजचं लिहून ठेवायलाच पाहिजे.

सकाळी दाजीच्या आईनं विचारलं, दोन दिवस घरात कोण का बोलंना? दाजीनं सांगितलं. मला वाटलं, म्हातारी आता मला उंबऱ्याबाहेर काढणार. ती म्हणाली, "बसावला कदी?"

"भादव्यात."

"आन इसर्जन?"

दाजी बोटांवर महिने मोजायला लागला.

"आरं, कुनाचा दीड दिसाचा आस्तू, कुनाचा पाच, लई तर आनंत चतुर्दशीपातुर. तू पूस संपत आला तरी बसवून ठिवलाय! न नैवेद्य, न आरती. देव अडनार न्हाई तर काय करंल?"

दाजीचा चेहरा बघण्यासारखा होता. इतक्या दिवसांत त्याला हे सुचलं नाही आणि मला तर शंभर वर्षांत सुचलं नसतं.

मग रीतसर उत्तरपूजा. टीव्हीच्या काचेवर अक्षता. डब्यावर दहीपोह्यांची शिदोरी. दही बटणांत जाईल म्हणून मी ती उचलली तर म्हातारीनं हातावर मारलं. आरती झाली. दाजीनं मला हळूच विचारलं, "फुडच्या वर्षी लवकर या म्हनायचं का?" चेष्टा नव्हती. म्हटलं, म्हणा, पण पुढच्या वर्षी मोठा डबा घेऊन या म्हणा.

मग मी एकेक ओळ खोडत गेलो. मधेच दाजी म्हणाला, "उंदीर ऱ्हाऊ दे." दोन मिनिटांनी म्हणाला, "काडा." तात्यांची ओळ त्यानं स्वतः खोडली.

तीनशे म्हटलं. ओळ आली नाही. डब्यानं मुकाट घेतले.

दाजीनं सुट्टीपुरतं रजिस्टर आणलंच होतं. तो वाचत गेला, मी बटणं दाबत गेलो. दिवेलागणीला तीनशे पूर्ण.

आता कॅसेटवर उतरवायचं. कॅसेट कुठाय? म्हातारी आणि शेजारणी दुपारीच मुळा नदीत सोडून आल्या. "द्येव तिच्यात हुता न्हवं?" दाजीनंच दिली हातात. घरात दुसरी कॅसेट नाही. डबा चालूच ठेवायचा ठरलं. गिरणी आज गुरुवारची बंद होती, उद्या सकाळी आठला सुरू होते. मी पौडला हमीदचाचांकडून कॅसेट घेऊन लगेच येतो म्हणून निघालोय. हे एसटीत लिहितोय.

२४ जाने.

लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

कॅसेट मिळाली. पौडच्या फाट्यावर कोळशाचा ट्रक उभा होता, ताम्हिणीला चाललेला. ड्रायव्हर म्हणाला, चल, तासाभरात परत. ताम्हिणी मी पाहिली नव्हती. धाब्यावर रस्सा बरा होता. एक कुस्तीगीर होता, त्याच्या गोष्टी ऐकत बसलो. ट्रक रात्री परत फिरलाच नाही. काल दुपारी पोचलो, खिशात कोरी कॅसेट.

गिरणी आठलाच सुरू झाली होती. अक्का पहाटेपासून डब्यापाशी बसून होती, कुणी हात लावू नये म्हणून. आठला टीव्हीवरचं चित्र आकसलं, परत मोठं झालं, आणि पडदा पांढरा. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मला तसंच विचारलं. "माझा पदर लागला का रं?"

रजिस्टर सकाळीच दाजीबरोबर स्टोअरमध्ये परत गेलेलं. आता ते पुढच्या गुरुवारी मिळणार. साहेब बुधवारी बघणार.

दाजी घरी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. बूट काढले, पाय धुतले, म्हणाला, "कॅसेट आनली न्हवं? मग बसा."

"रजिस्टर?"

"बसा की."

कामाच्या ओळी दाजीच्या वहीत होत्या, त्या आधी परत घातल्या. मग डोळे मिटून सुरुवात. "हेक्स बोल्ट, आठ यमयम, चारशे वीस. हेक्स बोल्ट, धा यमयम, तीनशे बारा." रॅकच्या क्रमानं. हात हवेत वरखाली, खण दाखवल्यासारखा. मधेच थांबायचा, "हितं वरच्या फळीवर ग्रीसचा डबा हाय, त्याच्या मागं..." आणि पुढचं सांगायचा.

मी ह्या माणसाला तीन आठवडे मूर्ख म्हणतोय. वर लिहिलेलं खोडत नाही. बाकी बाबतीत आहेच तो.

२६ जाने.

गिरणी बंद असेल तेवढाच वेळ काम. दर वीस आयटमला कॅसेटवर उतरवतोय. आज झेंड्याची सुट्टी, तीनशे झाले. एकच अडला, दोनशे एक्केचाळिसावा. दाजी उठून खोलीभर चालला, मोरीपाशी थांबला, म्हणाला, "स्प्रिंग वायसर."

२८ जाने.

टीव्ही गोधडीत बांधून, डबा शालीत, दुधाच्या टेम्पोनं भऱ्याला. साहेबाच्या केबिनमध्ये मांडलं. साहेब, त्यांचा क्लार्क, आणि कोपऱ्यात तो डिप्लोमावाला. बुशशर्ट, पेन दोन.

कॅसेट लावली. पाच मिनिटं किंचाळणार हे ठरलेलं. साहेबाला धीर कुठला? "हे गातंय तोवर सांगा, आठचे बोल्ट किती?"

दाजी उभ्या उभ्या, "चारशे वीस. काल तीस गेले, तीनशे नव्वद."

क्लार्कनं रजिस्टर बघितलं. बरोबर. साहेबाला गंमत वाटली, आणखी सहा-सात विचारले. सगळे बरोबर. दाजी विचारताक्षणी सांगत होता, डबा अजून किंचाळतच होता. मला वाटलं, झालं काम.

मग कॅसेट थांबली आणि पडद्यावर यादी आली. आणि साहेब दाजीकडे बघायचाच थांबला. खुर्ची ओढून टीव्हीपाशी गेला. "वा! सगळे तीनशे?" डिप्लोमावाल्याला म्हणाला, "तुम्ही बघा जरा. तुम्हाला जमेल हे चालवायला?"

"जमेल सर. दोन दिवसांत."

साहेब दाजीला म्हणाला, "मशीन राहू दे इथं. टेपसुद्धा. सोमवारी बोलावतो दोघांना."

दाजीनं डब्यावर शाल घातली, नीट, चारी टोकं सारखी करून. आणि साहेबाला नमस्कार केला.

२९ जाने., गुरु.

दाजी खूश. सकाळपासून तीन घरी जाऊन आला. "यंत्र ठिवून घेतलं म्हंजे काय? नको आसतं तर परत दिलं नसतं?"

अक्का मला मोरीपाशी गाठून म्हणाली, "झालं म्हनायचं का न्हाई? खरं सांग. तू हुतास तितं."

मी म्हटलं, दाजी म्हणतोय ना.

तिनं पदर खोचला. मग घागर उचलून गेली.

आज दुपारच्या एसटीनं महाडला जायचं होतं, एकजण ओळखीचा आहे तिथं. पिशवी भरलेली आहे. दाजी बाहेर कुणाला तरी सांगतोय की चालवायला शिकवायला म्हणून तरी सायेबाला आमीच लागनार.

सोमवार बघून जाईन.