फळीपलीकडचा वर्ग

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. जिना चढू नकोस असं सांगून उपयोग नाही हे ठाऊक आहे, तरी सांगते.

तू विचारलंस म्हणून लिहिते. शिक्षिका मंडळाची सभासद मी तुझ्या आग्रहाखातर झाले. दोन सभांना गेले. मागे बसले, भाषण ऐकलं, चहा घेतला आणि घरी आले. ताई या मंडळात इतकी वर्षं रमली होती, पण नेमकी कशात, ते मला समजलं नाही. ती असताना विचारायचं सुचलं नाही.

शाळेचं तुला कोणाकडून तरी कळेलच, म्हणून मीच सांगते. ताई गेल्यापासून माझं शिकवणं नीट होत नाही. सातवीचा वर्ग तोच, भूगोल तोच, पण बोलता बोलता मी मध्येच थांबते. पुढचं वाक्य आठवत असतं, तरी तोंड उघडत नाही. मुलं वाट पाहत बसतात. मोठ्या बाईंनी हे खिडकीतून पाहिलं असावं. परवा बोलावून घेतलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, की सहामाहीनंतर कचेरीत दाखल्यांचं काम बघ, वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सप्टेंबरअखेर उत्तर द्यायचं आहे. वर्ग सोडवत नाही, पण मुलांचं नुकसान तरी किती करायचं? बहुधा हो म्हणेन.

प्रकृतीला जप. तुझी माया आहे, ती अशीच असू दे.

तुझी,
धाकटी


९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघा जागेवर आहे. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. मी म्हटलं, माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा तपासायला तुम्हीच वर येत जा. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

दोन सभा आणि दोन कप चहा. तू सभासद म्हणून गेलीस की मुलीकडची पाहुणी म्हणून? अगं, भाषणांना मीसुद्धा डुलक्या घेते. आमच्या शाखेत माझी खांबाआडची खुर्ची ठरलेली आहे. मंडळ तिथे नसतंच. तुझी ताई रमली होती ती 'शेवटच्या बाका'त. तुला ते कोणी सांगितलं नसेल, कारण तू कोणाला विचारलं नसशील.

ऐक. कोणीही सभासद दुसऱ्या सभासद बाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसू शकते. मात्र वर्ग सुटल्यावर स्तुती करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा आणि निघायचं. उत्तर द्यायचं बंधन नाही. आधी इतरांचे वर्ग बघायचे, मग आपल्याकडे कोणाला तरी बोलवायचं. स्तुती नाही आणि सल्लाही नाही, या अटीवर बायका काय काय बघून येतात ते तुला कळेल.

वर्ग सोडायचाच असला तर सोड, मी आड येणार नाही. पण हे केल्याशिवाय सोडू नकोस. लहानपणी तू तोंडातून अक्षर काढायची नाहीस, पण घरातलं घड्याळ उघडून आत काय आहे ते बघायचीस आणि नंतर ताईकडे बोट दाखवायचीस. ती चौकस कार्टी कुठे गेली, ते मला कळव.

पत्र लांबलं तरी चालेल. जिव्हाळा आहेच, तो पत्रांनी वाढव.

तुझी,
आत्या


२६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घड्याळ ताईनेच उघडलं होतं. मी फक्त बंद केलं नाही.

तुझं ऐकून दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या बाई परिचारिकांना शिकवतात. रुग्णाला न उठवता चादर कशी बदलायची, हा धडा होता. बाई स्वतःच पलंगावर डोळे मिटून पडल्या आणि पडल्या पडल्या शिकवू लागल्या. कोणाचा हात गार आहे, कोण घाई करते आहे, सगळं त्यांना अंगावर कळत होतं. मी विचारलं, की डोळे मिटता ते रुग्ण मिटतो म्हणून, की मुली बावरू नयेत म्हणून? त्या हसल्या आणि म्हणाल्या, उद्या डोळे उघडे ठेवून शिकवून बघते.

दुसऱ्या बाई मोटार शिकवतात. त्यांना सभासद करावं की नाही यावर मंडळात पुष्कळ वाद झाला होता म्हणे. त्यांचा शेवटचा बाक म्हणजे मोटारीची मागची सीट. मी दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारी चुकली की त्या हळूच दाबतात आणि गाडी बरोबर थांबते. मी विचारलं, की तुम्ही ब्रेक दाबलात हे तिला कळतं का? पुढच्या चौकात बाईंनी पुन्हा एकदा ब्रेक दाबला. मग म्हणाल्या, की तिला वाटतं गाडी तिनेच थांबवली.

आत्या, मला हे आवडायला लागलं आहे. परवा बाजारात एक शिंपीण आपल्या भाचीला काज करायला शिकवत होती, तर मी उगाच बटणं घ्यायला थांबले.

मोटारवाल्या बाईंना माझ्या वर्गात बोलावलं आहे. भीती वाटते, पण त्या काय विचारतील याची उत्सुकता जास्त आहे.

तुझा लोभ मोठा आहे, त्यातला माझा वाटा राखून ठेव.

तुझी,
धाकटी


१० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

त्या येऊन गेल्या. नदीचं खोरं शिकवत होते. नेहमीसारखी तीन-चारदा अडखळले. वर्ग सुटल्यावर त्यांनी विचारलं, की थांबता तेव्हा तुम्ही डावीकडच्या भिंतीकडे बघता, तिकडून काय येणार असतं?

शिकणारी कुठे बघते यावर त्यांचा सगळा धंदा चालतो. त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

ती भिंत नाही, लाकडी फळी आहे. पलीकडे ताईचा वर्ग होता. ती कविता म्हणू लागली की मी मुलांना नकाशे भरायला द्यायची. तिची मुलं लिहायला लागली की मी बोलायची. आम्ही हे कधी ठरवलं नव्हतं, घरी त्याबद्दल बोललोही नव्हतो. मला वाटत होतं की माझं डोकं चालत नाही. मी तिच्या बोलण्यासाठी जागा सोडत होते, आत्या. पलीकडून आवाज येत नाही, म्हणून माझी बोलण्याची वेळही येत नाही.

हे कळून बरं वाटलं की वाईट, ते सांगता येत नाही. मोठ्या बाईंना काय उत्तर द्यायचं ते अजून ठरत नाही. कारण कळलं म्हणून थांबणं थांबलेलं नाही.

माया असू दे.

तुझी,
धाकटी


१४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुम्हा दोघींना मी लहानपणी एका ताटात जेवताना पाहिलं आहे. तेव्हाही एकीचा हात ताटात असला की दुसरीचा बाहेर असायचा.

आता एक विचारते. तुझ्या पत्रात आहे, की पलीकडून आवाज येत नाही. त्या खोलीला कुलूप आहे का? नसेल तर तिथे कोणीतरी शिकवत असेल. मग फळी गप्प कशी? ती बाई काय हातवारे करून शिकवते?

उत्तर मला नको. तू शोध आणि मग लिही. आशीर्वाद पाठीशी आहेतच, पाठ तेवढी ताठ ठेव.

तुझी,
आत्या


२७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोलीला कुलूप नाही. तिथे जूनपासून एक नवीन मुलगी भाषा शिकवते. मधल्या सुट्टीत तिला गाठून विचारलं, तर तिचे कानच लाल झाले. रुजू झाली त्या दिवशी कोणीतरी तिला सांगितलं होतं, की ही खोली शेजारच्या बाईंच्या बहिणीची, त्या अजून सावरलेल्या नाहीत, तेव्हा आवाज जपून. बिचारी जूनपासून कुजबुजत शिकवते आहे. मागच्या बाकांना काही ऐकू जात नाही, पालकांच्या तक्रारी आल्या, तरी ती कुजबुजतेच आहे. त्यात मी बोलता बोलता थांबले, की तिला वाटायचं आपला आवाज बाईंपर्यंत गेला. मग ती आवाज आणखी खाली आणायची. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींसाठी गप्प बसत होतो आणि मधे दोन वर्ग उपाशी.

मी तिला म्हटलं, की तुझ्या घशात असेल तेवढा आवाज काढ. तिने काढला. पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकदमच बोलत राहिलो आणि माझ्या मुलांच्या वह्यांत नदीला क्रियापदं येऊन मिळाली. ती ताईसारखी नाही. ताई कविता सावकाश म्हणायची, ही पळवते. हिचं थांबणं भलत्याच ठिकाणी येतं. मला नव्याने कान लावावा लागतो. अजून मी अडखळते, पण आता मुलं वाट पाहत नाहीत. मधेच हात वर करून प्रश्न विचारतात.

काल मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं, की दाखल्यांचं काम दुसऱ्या कोणाला द्या, मी वर्ग सोडत नाही. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगण्याऐवजी मी सोमवारचा पहिला तास मोकळा मागितला. मला एक वर्ग बघायचा आहे, म्हटलं. त्यांनी विचारलं, कुठल्या शाळेत? मी म्हटलं, शेजारच्या खोलीत.

ताई गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. मोठ्या बाईंनी वेळापत्रक ओढून घेतलं आणि तास दिला.

तिला काय विचारायचं ते अजून ठरवलेलं नाही. आधी आत जाऊन बसते.

तुझी,
धाकटी