मामांना इंग्रजीत विचारलेला प्रश्न

दि. २ फेब्रुवारी २०२५

उकंडमामांना आणि चतुरामामींना साधनाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मामा, तुम्ही मामींना म्हणालात म्हणे, "माझ्या सांगण्याला आधार न्हाई, तर मग तीस वर्षं लोकायच्या विहिरींला पाणी लागलं ते कसं?" मामींनी ते मला फोनवर सांगितलं. या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. गेले तीन आठवडे मी ते शोधते आहे. थोडं काही हाती आलं, ते खाली लिहिते, पण त्याला उत्तर म्हणता येणार नाही.

माझा नंबर दिसला की तुम्ही फोन मामींच्या हातात देता, म्हणून पत्र लिहिते. बाबा जवळा बाजारच्या बाजाराला येतील तेव्हा ते मामींकडे देतील. तुम्ही रोजचा पेपर मोठ्यानं वाचता, तसं हे वाचू नका. मनात वाचा.

इकडे सगळे बरे आहोत. हळदीचा पाला वाळायला लागला, पंधरा दिवसांत काढणी येईल. हरभरा चांगला आहे. आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण शेतात जायचं थांबत नाही. बाबांना नवा नाद लागला आहे. आई दुसरी भाकर वाढायला आली की ते ताटावर हात धरतात आणि म्हणतात, "आय सी युवर पॉइंट, हाऊएव्हर." आई म्हणते, "जेवता का उठता?" हे शब्द त्यांनी माझ्या वहीतले उचलले आहेत.

ती वही तुम्ही पाहिली नसेल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एका बाईंनी तीस इंग्रजी वाक्यं लिहून दिली होती, समोरच्याचा मान राखून त्याचं म्हणणं तपासायची. मला ती फार आवडली. घरात मी कधी "काहून?" म्हटलं की आजी म्हणायची, मोठ्यांना काहून म्हणत नसतात. मोठ्यांनी लहानांना काहून विचारायचं, लहानांनी खाली बघायचं. आणि इथं तीस वाक्यं होती, ज्यांनी कुणालाही, अगदी प्राचार्यांनाही, काहून विचारता येतं आणि कुणी रागावत नाही. मी ती गोठ्यात म्हशीसमोर पाठ केली. म्हशीनंही कधी राग मानला नाही. म्हणून मला वाटलं, तुम्हीही मानणार नाही.

त्या दिवशीचं मला पुन्हा नीट लिहायचं आहे, कारण तुमच्या बाजूनं ते कसं दिसलं असेल हे मला आता कळतं.

पुढच्या साली हळद वाढवायची म्हणून बोअर घ्यायचं ठरलं. गावात पाण्याचं काम करणाऱ्या संस्थेचे प्रज्ञेश सर आदल्या दिवशी जमिनीत सळया रोवून, तारा जोडून यंत्रानं बघून गेले होते आणि नाल्याजवळची जागा चांगली म्हणाले होते. बाबा म्हणाले, "यंत्राचं झालं, आता उकंडरावला दाखवल्याशिवाय मी खड्डा बी खांदत न्हाई." तुम्ही सकाळीच आलात. शेजारच्या शेतातले जळबाकाका आले, भावकीतले चार जण आले, सरही आले. तुम्ही तळहातावर नारळ घेऊन चालत निघालात आणि बांधावरच्या उंबराजवळ नारळ उभा राहिला. "हितं. दोनशे फुटाच्या आत," तुम्ही म्हणालात.

आणि मी म्हणाले, "विथ ड्यू रिस्पेक्ट, मे आय नो द बेसिस ऑफ युवर कन्क्लूजन?"

जळबाकाका म्हणाले, "उकंडराव, भाची इंग्रजीत पाणी मागून राहिली, द्या की." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सरांकडे वळून विचारलंत, "काय म्हणती ही?" सर म्हणाले, "तुम्ही हे कशावरून सांगता, असं विचारते ती."

तुम्ही नारळ रुमालात बांधला. आई चुलीकडे निघाली होती, तिला म्हणालात, "मनकर्णे, चहा ठेवू नको." आणि गाडीला किक मारली.

मला खरंच कळलं नव्हतं, मामा. मी तर सगळ्यात सभ्य वाक्य निवडलं होतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला मानाचं वाटलं आसंल, त्याला साहेबाचं वाटलं." मामींनी तुमचे शब्द सांगितले तेव्हा पुरतं समजलं. "माझ्या भाचीचं बोलणं मला परक्या माणसाकडून समजून घ्यावं लागलं." ते ऐकून मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसले.

संक्रांतीला आईनं तिळगुळाचा डबा पाठवला. तुम्ही तो ठेवून घेतलात आणि डबा परत आला तो रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर तरी जाते. आईनं झाकण काढून आत बघितलं, पुन्हा लावलं आणि डबा फळीवर ठेवला. तिला माहेर म्हणजे तुम्ही एकटेच आहात, हे मला त्या दिवसापर्यंत कधी मोजावं लागलं नव्हतं. बाबांनी बोअरची गाडी परत पाठवली. म्हणाले, "मेव्हण्याला दुखवून पाणी काढायचं न्हाई मला." म्हणजे माझ्या एका वाक्यानं बोअर थांबलं आणि आईचं माहेरही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

तो प्रश्न विचारताना मी तुमच्याकडे बघत नव्हते. मी सरांकडे बघत होते. त्यांना गावात पाणी मोजायच्या कामाला शिकलेली मुलगी हवी आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. तुमच्या हातातला नारळ बघून ते काय म्हणतील याची मला लाज वाटली. ही मुलगी या नारळातली नाही, असं त्यांना वाटावं, म्हणून मी ते वाक्य बोलले. तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांनी ते म्हणाले, "सोमवारपासून ये." मला काम मिळालं ते असं, मामा. परीक्षेच्या प्रत्येक पेपरला मला गाडीवर हिंगोलीला नेणारे, पेपर सुटेपर्यंत लिंबाखाली उभे राहणारे तुम्ही. माझा पदवीचा फोटो आमच्या घरी नाही, तुमच्या घरी भिंतीवर आहे. मामी म्हणाल्या, अजून काढलेला नाही. त्याच्यावर मी धीर धरून आहे.

कामाला गेले. पहिल्याच आठवड्यात सरांच्या अहवालात तुमच्यासारख्या पाणी दाखवणाऱ्यांविषयी एक ओळ दिसली, "पारंपरिक पाणाडी पद्धत: आधार नाही." मी उभी राहिले आणि तेच वाक्य सरांना म्हणाले, शब्दाला शब्द. तुम्हाला बिनधास्त विचारलं होतं, त्यांना विचारण्याआधी मात्र दोनदा मनात म्हणून पाहिलं. सर रागावले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बस, बस. चांगला प्रश्न आहे." मग थोडा विचार करून म्हणाले, "मी तपासलेलं नाही, खरं आहे." त्यांनी ओळ खोडली आणि "तपासणी बाकी" असं लिहिलं. मला वाटलं, ज्याला रोज कुणी ना कुणी खुर्ची देतं, त्याला अशा प्रश्नाचं काही वाटत नाही. तुम्हाला कचेरीत इंग्रजी ऐकवलं गेलं ते दर वेळी नाही म्हणायलाच.

तपासणी माझ्याकडेच आली. आईला बरोबर घेतलं आणि तुम्ही दाखवलेल्या नऊ विहिरींवर पाणी मोजायची दोरी घेऊन गेले. सातांना पाणी आहे, दोन कोरड्या आहेत. दोन्ही कोरड्या मी वहीत लिहिल्या आहेत, तुमच्यापासून लपवणार नाही. सर म्हणतात, नाल्याकाठच्या या पट्ट्यात कुणीही खणलं तरी दहातल्या सहा-सातांना लागतं, म्हणून या नवांवरून काही सांगता येत नाही. तेही बरोबर आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.

पण तांड्यावर उत्तमसिंगकाकांच्या विहिरीवर त्यांच्या घरच्या जिवनबाई भेटल्या. मी विचारलं, मामांनी इथं नारळ कसा धरला होता? त्या म्हणाल्या, "नारळ तर सगळ्यात शेवटी काढला गं त्यानं. आधी दोन घंटे माझं डोकं खाल्लं. म्हशी उन्हाळ्यात कुठं बसतात, वारूळ कुठं हाय, ह्या कोपऱ्यातलं गवत उशिरा काहून वाळतं. मी म्हटलं, भाऊ, तू पाणी पाहून राहिला का पोरगी पाहून राहिला?" आई इतकी हसली की दोरी हातातून सुटली. महिन्यात पहिल्यांदा हसली.

मामा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. तुम्ही गावोगाव काहून विचारत फिरता आणि मग नारळ पुढे करता. लोकांना नारळावर भरवसा असतो म्हणून असेल. मीही तेच केलं, माझ्या प्रश्नावर कुणाचा भरवसा बसावा म्हणून इंग्रजी पुढे केलं.

परवा मी पारावर गेले. त्या सकाळी शेतात होते तेच सगळे बसले होते. मी त्यांना सांगितलं की मामांना मी इंग्रजीत विचारलं ते साहेबांसमोर मोठं दिसायला, आणि माझं चुकलं. जळबाकाका म्हणाले, "आता मराठीत बोलून राहिली तर बराबर समजलं. आमी हसलो ते बी चुकलंच म्हणा." चार माणसांत केलेलं चार माणसांतच मिटवायला हवं होतं. तुम्ही तिथं नव्हता, म्हणून इथंही लिहिते. मामा, माझं चुकलं.

भाषा चुकली, जागा चुकली, बघायची दिशा चुकली. प्रश्न मात्र मी मागे घेत नाही. मागे घेतला तर तुम्ही उगाच पेपरला उभे राहिलात असं होईल. तो आता नीट विचारते, आपल्या बोलीत, तुमच्याकडे बघून.

त्या सकाळी नारळ पहिल्यांदा नाल्याजवळ हालला होता. मी पाहिलं. यंत्रानं दाखवलेली जागा तीच. तुम्ही तिथं थांबलात, शंभर पावलांवरच्या जळबाकाकांच्या विहिरीकडे एकदा बघितलंत आणि पुढं चालत राहिलात. मामा, नाल्याजवळ थांबून तुमी पुढं काहून गेलात? तिथं बोअर झालं असतं तर काकांची विहीर उन्हाळ्यात टिकली नसती, म्हणून का?

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, विहिरीचं पाणी बोअरकडे ओढलं जाईल हा धोका खरा आहे, तो आपण धरलाच नव्हता. उंबराजवळ यंत्रानं पाणी मध्यम दाखवलं आहे, नाही असं नाही. तुमच्या मनात हेच होतं का मला माहीत नाही. पण नसलं तरी हे कारण माझं मला पटतं, आणि जळबाकाकांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

मी बाबांना म्हटलं, बोअर उंबराजवळच घेऊ. काल ते म्हणाले, "कोरडं गेलं तर लोक उकंडरावच्या नावानं बोंबलतील, यंत्राची जागा सोडून नारळाच्या जागी गेले म्हणून. ते मला सोसायचं न्हाई." आई म्हणाली, "मग नाव दुसऱ्याचं लावा."

बोअरची गाडी पाच तारखेला सकाळी येते आहे. तुम्ही आलात तर आईला बरं वाटेल. नाही आलात तरी मी समजेन, फक्त तिचा फोन घेत जा. आज सकाळी मी बांधावर गेले, उंबराजवळ तुम्ही टाच मारली होती तिथं दगड रोवला आणि त्याला चुना लावला. मग गाडीवाल्याच्या कागदावर "जागा निवडणाऱ्याचं नाव" या ओळीत साधना विश्वंभर असं मराठीत लिहिलं आणि खाली सही केली.

तुम्हाला विचारत राहणारी,
तुमची भाची,
साधना