सांगायचं राहिलेलं वाक्य

मन्सूरा, ३ नोव्हेंबर १९८७

आले एकदाची! कैरोहून बस दोन तास उशिरा सुटली, वाटेत लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटली आणि माझ्या सगळ्या कपड्यांना आता त्याचाच वास येतोय. तरी मी खुशीत आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून नाईल दिसते, आणि घरमालकीण इतकी बोलकी की रेडिओ आणायची गरज नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला आणखी काय हवं?

इथल्या नाटकमंडळीला प्रॉम्प्टर हवी होती. आमचे दिग्दर्शक वगीह त्या जुन्या कृष्णधवल चित्रपटाचं नाटक करताहेत. मास्तरांवर एक शाळकरी मुलगी खोटा आळ घेते, गाव त्यांच्यावर उलटतं, आणि शेवटी भर सभेत तीच मुलगी उभी राहून म्हणते, 'मी खोटं बोलले.' मी तो शेवट कधीच पाहिला नाही, त्या वेळी नेमकी चहा टाकायला उठते, असं मी वगीहना सांगितलं. ते हसून म्हणाले, अहो ताई, अख्खा देश जिथं रडतो तिथं तुम्ही चहा पिता होय?

५ नोव्हेंबर

आज माझी जागा पाहिली. रंगमंचाच्या पुढच्या कडेला छातीएवढा खड्डा, वर लाकडी टोपी. आत एक स्टूल, एक दिवा, संहितेसाठी फळी. आमच्यात त्याला कंबूशा म्हणतात. प्रेक्षकांना मी दिसत नाही आणि नटांना फक्त माझं तोंड दिसतं. बावीस वर्षं मी अशाच खड्ड्यांत बसून दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालतेय. ही वहीसुद्धा इथंच ठेवणार आहे, नाटकात गावकरी शिकारीला जातात तो लांबलचक मूकप्रवेश चालू असताना दोन ओळी खरडता येतात.

दरवान अम्म मितवल्ली, म्हणजे मितवल्लीकाका, चहा घेऊन आला आणि खड्ड्यापाशी उकिडवा बसला. मोठा मिस्कील म्हातारा. म्हणाला, सित्त इन्शिराह, तू मुलक्किन, ओळ सांगणारी, आणि माझा बापही मुलक्किनच होता. तू जित्यांना सांगतेस, तो मेलेल्यांना सांगायचा. मूठमाती झाल्यावर लोक निघून जात आणि त्याचा बाप कबरीपाशी बसून आतल्याला समजावत असे, आता दोन फरिश्ते येतील, हे विचारतील, ते विचारतील, तू घाबरू नको, असं असं उत्तर दे. मग डोळा मारून म्हणाला, पण बापाचं गिऱ्हाईक बरं हो, एकानंही कधी तक्रार केली नाही! मीही हसले. चहा मात्र अर्धा सांडला.

९ नोव्हेंबर

तालमी रंगताहेत. मास्तरांचं काम शुक्री करतो. पोट सुटलंय, पण आवाज असा की खुर्च्याही ऐकतात. आज कागदात गुंडाळलेले गरम तामिये, म्हणजे डाळीचे वडे, सगळ्यांना वाटले आणि स्वतः आठ खाल्ले. मुलीचं काम नऊ वर्षांची मरवा करते. हुशार पोर, स्वतःची तर आहेतच, शुक्रीचीही वाक्यं पाठ आहेत तिला.

फक्त एक वाक्य तिला आठवत नाही. शेवटचं. सभा भरते, ती पुढे येते, तोंड उघडते आणि खाली माझ्याकडे बघते. साधी तीन शब्दांची गोष्ट. आज मला नेमका खोकला आला. वगीहनीच ओरडून सांगितलं.

१२ नोव्हेंबर

पुन्हा तेच झालं. या वेळी खोकला नव्हता. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आणि दुसरं एक. शुक्री धडाधड बोलत होता, कुठंही अडला नव्हता, तेव्हा कुणीतरी विचारलं, पुढे काय? नट अडला की असंच पुटपुटतो, म्हणून सवयीनं मी ओळ सांगून टाकली. शुक्री चिडला. म्हणाला, खाला, मला येतंय की! मी म्हटलं, तूच तर विचारलंस.

त्यानं नव्हतं विचारलं. आवाज माझ्या स्टुलाखालून आला होता.

१४ नोव्हेंबर

खड्ड्याच्या तळाशी पाणी. वगीह म्हणाले, नदी जवळ आहे, झिरपतं. पण नदीच्या पाण्याचा वास मला माहीत आहे. हा आमच्या गावच्या कालव्याचा वास आहे, आणि त्यात खडूचा.

लिहून टाकते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी नऊ वर्षांची होते. कालव्यात खेळताना कानातलं सोन्याचं डूल पडलं. आई मारेल म्हणून दिवसभर भुईमुगाच्या शेतात लपले. आईनं शोधून काढलं, दंड धरला आणि विचारलं, कुणी काढलं? त्या उस्तादानं काढलं ना? शाळा सुटल्यावर थांबवतो तो तुला. बोल, त्यानंच ना? शब्द सगळे आईचे होते. मी फक्त मान हलवली.

उस्ताद अब्दुस्सबूर, आमचे शाळेतले मास्तर, मला थांबवायचे कारण मला पाठांतर जमत नसे. मी अडले की ते रागवत नसत. फक्त पहिलं अक्षर सांगत, अगदी हळू, आणि म्हणत, भिऊ नकोस, मी आहे. पुढचं मला आपोआप येई.

दुसऱ्या दिवशी गाव म्हणायला लागलं, डूल राहू दे, त्याचा हात पोरीच्या कानापर्यंत गेलाच कसा? आठवड्यात नोकरी गेली. कुणी त्यांना भाकरी विकेना. तेराव्या दिवशी ते कालव्यात सापडले. तिथंच, जिथं डूल पडलं होतं. शोधायला उतरले होते म्हणे; आम्ही पोरं तिथंच खेळतो हे त्यांना ठाऊक होतं.

बाबा जेवताना म्हणाले, पुरलं कसंबसं. शेख कबरीपाशी बसलाच नाही. त्याला कुणी काही सांगितलं नाही. तसाच गेला बिचारा, उत्तर न घेता.

मी तेव्हाही बोलले नाही. भात खाल्ला.

१७ नोव्हेंबर

रोज विचारतात. पुढे काय, बाळ?

आता ओळखते मी आवाज. दोन वाक्यांमध्ये उस्तादांचा तोच कोरडा खोकला, वर्गात यायचा तसा. पाय पाण्यात, घोट्यापर्यंत. वगीहनी वाकून पाहिलं, म्हणाले, ताई, खड्डा तर कोरडा ठणठणीत आहे!

१८ नोव्हेंबर

अम्म मितवल्लीकडून त्याच्या बापाचे शब्द लिहून घेतले. त्यानं विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, अडतीस वर्षं झाली. मग त्यानं मस्करी केली नाही. मेलेल्याला आईच्या नावानं हाक मारतात, म्हणाला, आई माहीत नसली तर हव्वेचा लेक म्हण.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा खड्ड्यात बसून म्हटलं. हे अब्दुस्सबूर, हव्वेच्या लेका, दोघे येतील, विचारतील, घाबरू नका. शेवटपर्यंत म्हटलं. रडत म्हटलं. वाटलं, आता सुटतील.

खालून हळूच आवाज आला. ती उत्तरं मला पाठ आहेत, बाळ. मास्तर होतो मी. तुझं एक राहिलंय.

२१ नोव्हेंबर

रंगीत तालीम. मरवा अडली. खाली माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नाही— सांगता आलं नाही—

वगीह तिच्यावर ओरडले. ती रडत म्हणाली, मी खालाकडे बघितलं, पण ती काही बोललीच नाही. सगळे माझ्याकडे वळले. आणि मी म्हटलं— मी म्हटलं, मी सांगितलं होतं, हिनंच ऐकलं नाही.

तिच्या आईनं तिथंच थोबाडीत मारली. खोटारडी म्हणाली तिला. सर्वांसमोर.

मरवा माझ्याकडे बघत राहिली. मी संहिता मिटली.

वगीह म्हणाले, उद्या पहिल्या प्रयोगात अडली तर तिचं काम दुसरीला.

खालचं पाणी गुडघ्याला. आज त्यांनी काही विचारलं नाही. नुसते रडत होते. माझ्यासाठी की तिच्यासाठी, कळलं नाही.

२२ नोव्हेंबर. दुसरा अंक. खड्ड्यात.

थिएटर भरलंय. शिकारीचा प्रवेश चालू. घाईत लिहितेय, अक्षर लागणार नाही.

संहितेच्या शेवटच्या पानात काहीतरी टोचलं. डूल. ओलं. चिखलासकट.

ते सापडलं होतं त्यांना. सापडलं होतं, आणि मुठीत घेऊन—

पाणी कमरेपर्यंत. पानं भिजत नाहीत. फक्त मी.

सभा भरली. मरवा पुढे आली. गालावर अजून वळ आहे, रंगाखाली दिसतो. तोंड उघडलं.

अडली.

माझ्याकडे बघतेय. वगीह विंगेत डोकं धरून— तिची आई पहिल्या रांगेत उठतेय—

खांद्यावर हात. गार. हलका. खडूनं पांढरा झालेला.

रागावले नाहीत. अजूनही रागावले नाहीत, देवा, रागावले असते तर—

कानाशी. डूल नसलेल्या कानाशी. अगदी हळू. भिऊ नकोस, इन्शिराह, मी आहे. पहिलं अक्षर सांगताहेत—

मी—