तुझ्या काकूचा रिपोर्ट आणि माझा खोकला

स्मृति नगर, भिलाई
रविवार, दुपार

चि. सौ. यामिनीस नत्थूकाकाचे भरभरून आशीर्वाद.

तिकडचा बर्फ वितळला असेल, जावईबापूंचा गुडघा वळू लागला असेल आणि पोरांना अजून 'ळ' म्हणता येत असेल, असं धरून चालतो. आम्ही इथे खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द पत्राच्या आरंभी लिहावाच लागतो. पुढे वाचत जाशील तसा तो जरा सैल करून घे.)

तुझ्या मॅमोग्राफीनंतर दवाखान्याने तुला कळवलं, की बाई, तुमच्या छातीची घनता जास्त आहे, अशा घनतेत गाठ लपून राहू शकते, तेव्हा डॉक्टरांशी बोला. आणि असं कळवलंच पाहिजे असा तिकडे कायदा आहे. हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी मनात हसलो होतो. जिची छाती तिलाच सांगायला कायदा लागतो, काय देश आहे म्हटलं. आपल्याकडे तसा कायदा नाही, कारण आपल्याकडे माया आहे. त्या मायेने काय केलं ते आता सांगतो.

तुझ्याच आग्रहाने गेल्या आठवड्यात काकूचीही तपासणी झाली. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा ती बाहेर बाकावर एका अनोळखी बाईला तिवऱ्याची भाजी कशी निवडावी ते शिकवत बसली होती. डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत घेतलं. "अंकल, डेन्स है. घना हिस्सा भी सफेद दिखता है और गाँठ भी सफेद. सोनोग्राफी करा लीजिए. और आंटी को अभी टेंशन मत दीजिए." पांढऱ्यात पांढरं. मला एकदम शिवनाथ नदीच्या काठी धुक्यात उभा असलेला बगळा दिसला. ती उपमा इतकी आवडली, की सोनोग्राफी कधीपर्यंत करायची हे विचारायचं राहून गेलं.

घरी आल्यावर सुमंतने (लेक कर्तबगार आहे) मोबाइलवर एक ग्रुप उघडला. नाव 'आई हेल्थ'. त्यात सून मोनाली आहे, नंदिनी नगरच्या विहीणबाई आहेत, मोनालीचा भाऊ भूषण आहे, भूषणचा साडू आहे. आई नाही. (तुझी झोपमोड नको म्हणून तूही नाहीस.) विहीणबाईंनी काकूच्या नावाने सोमवार धरले, काकूलाच फराळाला बोलावलं आणि उपास कशाचा ते सांगितलं नाही. शेजारचे विष्णुपंत, जन्मभर पोलादाच्या प्लांटात माल तपासलेले, फाटकाशी थांबून म्हणाले, "नत्थूभाऊ, पोकळी निघाली की माल वापस जाते. डेन्स म्हणजे अव्वल. वहिनीले अभिनंदन सांगा."

"तिले माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि काकूला नमस्कार करून गेले.

आता माझं. मी रोज तिला सांगायला बसतो आणि मला खोकला येतो. या खोकल्याचं मूळ चरोद्याच्या शाळेत आहे. शेजारच्या रेल्वे यार्डात मालगाड्यांच्या वाघिणी एकमेकींवर आपटत, त्या ठेक्यावर आमचे मास्तर कविता चालीत म्हणत. काय गळा होता. पण कवितेत नायिकेचं वर्णन मानेखाली उतरलं, की मास्तरांना खोकला येई आणि ते थेट पुढच्या कडव्यावर जात. (गाळलेलं कडवं अख्ख्या वर्गाला पाठ होतं.) ते दिवस आठवले की डोळे भरतात. परवाही भरले. काकूला वाटलं कफ दाटला.

"अजी, कावून असे खोकून राहिले? आठ दिवस झाले," म्हणाली आणि अडुळशाचा काढा पुढे ठेवला. तिची सोनोग्राफी राहिली आहे आणि औषध मी पितो आहे.

लवकर लिही. पोरांना पापा.

तुझा,
नत्थूकाका

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तू तिला फोन करून सांग. तुमच्याकडे कायदाच आहे, तुला सवय असेल. मी बोललो हे सांगू नकोस.

ता. क. २. हे पत्र तुला पाठवायचं म्हणजे मोबाइलवर त्याचा फोटो काढायला हवा, आणि फोटो काढते तुझी काकू. (माझ्या हाताने नुसता अंगठा येतो.) हे आत्ता ध्यानात आलं. सुमंतला बोलावलं असतं, पण मग ग्रुपवर गेलं असतं. तेव्हा इथेच लिहितो. गीताच्या स्तनांची घनता जास्त आहे, त्यात काही लपलेलं असलं तर मॅमोग्राफीत दिसलं नसेल, सोनोग्राफी करायची आहे. लिहिलं. खोकला आला नाही. रिपोर्ट घडी करून पत्रात ठेवतो आहे. पत्र तिच्या हातात देऊन मी बागेकडे एक चक्कर मारून येतो, जरा मोठीच.

ता. क. ३. यामिनी, मी काकू. फोटो मीच काढतो. तुहे काका बागेत नाहीत, फाटकामागं उभे आहेत, चप्पल दिसून राहिली. विहीणबाईच्या साबुदाण्यातच मले काहीतरी वाटलं होतं. उद्या सकाळी शेजारच्या प्रेमलासंग सोनोग्राफीला जातो. रिपोर्ट मीच घेईन, अन् त्या डॉक्टरीणबाईले सांगीन, का काय सांगायचं ते मले सांग. काकाले बाहेर बाकावर बसवतो. तिवऱ्याची भाजी निवडतील. भेव वाटून राहिलं थोडं, ते काकाले सांगू नको. त्याईले आणखी खोकला येईल, अन् काढा तर सरला.